जुलैचे गुण

"तुमचे गुण गेले ना वर? उद्या दुपारी चारला यादी बंद. मग ब्रह्मदेव खाली उतरला तरी आकडा हलायचा नाही."

भूगोलाच्या सरांनी हे सांगितलं ते डब्याचं झाकण लावता लावता, अगदी सहज. गुरुवारची मधली सुट्टी संपत आली होती आणि शिक्षकांच्या खोलीत त्या दोघांशिवाय कुणी नव्हतं. गणिताच्या बाई टेबलावरचा वह्यांचा गठ्ठा उचलत होत्या, त्या तशाच वाकून राहिल्या.

"कसली यादी?"

"अहो, प्रवेशाची. जुलैच्या परीक्षेचे गुण महाविद्यालयांकडे जातात ना. नोव्हेंबरची परीक्षा म्हणजे नुसतं पास व्हायचं."

"म्हणजे जुलैचे गुण धरतात?"

"तेच धरतात!" सर हसले. ते आपल्याकडचेच, पण अकरा वर्षं इथे मुरलेले. "मी नवा होतो तेव्हा माझाही असाच गोंधळ व्हायचा. पण आमच्या भूगोलाला विचारतो कोण? गणिताचं मात्र कडक आहे हां. ऐंशीच्या खाली गेलं की बांधकामाच्या शाखेचं दार बंद."

घंटा झाली. सर गेले. बाई वह्यांचा गठ्ठा टेबलावरच विसरून वर्गाकडे निघाल्या.

आता या बाईंची हकिकत सांगायला हवी, त्याशिवाय त्यांना एवढं धस्स का झालं ते कळायचं नाही. मायदेशी त्यांनी एकोणीस वर्षं गणित शिकवलं, आणि याच वर्षी त्या या परदेशातल्या शाळेत आल्या होत्या. मुलं त्यांना पाठीमागे 'करवत' म्हणायची. बाईंना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं. त्यांची एक पद्धत होती. तिकडे शाळा जूनमध्ये सुरू होते. जुलै म्हणजे वह्यांना नुकती कव्हरं घातलेली, दप्तराचा नवा वास अजून गेलेला नाही, आणि त्यात पहिली चाचणी. ही चाचणी पुढे कुणी मोजत नाही. म्हणून बाई तिच्यात हात धुऊन घ्यायच्या. समास आखला नाही, एक गुण कापा. पायरीच्या आधी 'म्हणून' लिहिलं नाही, अर्धा कापा. उत्तराला चौकट नाही, कापा. पुस्तकातली रीत सोडून स्वतःची अक्कल चालवली, मग तर दोन कापा. आणि हुशार मुलाला सगळ्यांत जास्त कापा, म्हणजे हवा डोक्यात जात नाही. मुलं रडायची, आया भेटायला यायच्या, आणि वर्षभर वर्ग सुतासारखा सरळ चालायचा. वार्षिक परीक्षेला बाई हात सैल सोडायच्या, निकाल चांगला लागायचा, आणि मुख्याध्यापक चहा पाजायचे.

इथे शाळा फेब्रुवारीत सुरू होते आणि नोव्हेंबरात संपते. हे बाईंना माहीत नव्हतं असं मुळीच नाही. वेळापत्रकाचा छापील कागद त्यांनी स्वयंपाकघरात फ्रिजवर लावला होता. पण अंगवळणी पडलेलं वर्ष असं कागद लावून उतरत नाही. एप्रिलमध्ये त्यांना भर वर्गात सुट्टीची गुंगी यायची. जूनच्या पहिल्या सोमवारी त्यांनी फळ्यावर 'नव्या वर्षाचं स्वागत' लिहिलं आणि तेवीस मुलं एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिली. त्या दिवशी बाई स्वतःही पोटभर हसल्या होत्या. मग जुलै आला. कागदावर 'मूल्यमापन' असं लिहिलेलं होतं. बाईंनी ते वाचलं, आणि मनात म्हणाल्या, आली चाचणी. लाल पेन काढलं आणि एकोणीस वर्षांच्या सवयीनं तेवीसच्या तेवीस पेपर सोलून काढले. गुण गेल्या शुक्रवारी कचेरीत दिले, पेपर सोमवारी मुलांना वाटले.

वर्गातली सगळ्यांत हुशार मुलगी शेवटच्या बाकावर बसायची. उंच म्हणजे चांगलीच उंच, बाई मनातल्या मनात तिला 'उंचाडी' म्हणायच्या. तिला पूल बांधायचे होते. पहिल्याच दिवशी 'पुढे काय करणार' असं विचारलं तेव्हा बाकीच्यांनी खांदे उडवले होते, आणि ही उभी राहून म्हणाली होती, "पूल." त्या मुलीला बाईंनी अडुसष्ट दिले होते.

बाकीच्यांचं जे व्हायचं ते होईल, त्यांच्या शाखांना एवढी अट नव्हती. पण हिचं दार उद्या चारला बंद होणार होतं. आणि तेही बाईंच्या हातानं.

दुपारी शेवटचा तास संपल्यावर बाई रिकाम्या वर्गातच बसून राहिल्या. त्यांनी मायदेशी घरी फोन लावला.

"अगं, मग गप्प बस ना," नवरा म्हणाला. तो सरकारी कचेरीत नोकरीला होता, आणि कागदावर एकदा शिक्का बसला की त्याला हात लावायचा नाही हा त्याचा धर्म. "कुणाला कळलंय?"

"मला कळलंय."

"तुझं सोड. ओरडलंय का कुणी? नाही ना? मग स्वतःच्या पायावर धोंडा कशाला मारून घेतेस? तुझा करार पक्का व्हायला किती दिवस राहिले?"

"सतरा."

"सतरा दिवस! इकडे लेकीला तुझ्याकडे आणायचं म्हणून तिचा दाखला काढलाय मी शाळेतून. भर वर्षात काढलाय. आता तुझं तिथलं गेलं तर पोरीला परत घ्यायला इथली शाळा काय आरती घेऊन उभी राहणार आहे?"

बाई फळ्यावरचं अर्धवट गणित पुसू लागल्या.

"बरं, सांगायचंच असेल तर बेरीज चुकली म्हण," नवरा जरा खालच्या आवाजात म्हणाला. "बेरीज कुणाचीही चुकते."

त्या संध्याकाळी बाईंनी भात लावला आणि गॅस बंद करायचा विसरल्या. जळका वास आला तेव्हा उठल्या. त्यांना भीती वाटत होती, आणि ती काही एका गोष्टीची नव्हती. मुख्याध्यापिकेची भीती होती, कराराची होती, लेकीच्या दाखल्याची होती. पण या सगळ्यांच्या तळाशी आणखी एक काहीतरी हलत होतं, आणि त्याच्याकडे बघायचीच त्यांची छाती होत नव्हती.

शुक्रवारी सकाळी पावणेआठला त्या मुख्याध्यापिकेच्या दाराशी उभ्या होत्या. दारावर टकटक करायला हात उचलला, खाली घेतला, आणि नळावर जाऊन पाणी प्यायल्या. परत आल्या, परत गेल्या. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा दार आतूनच उघडलं.

"तहान लागलीय का तुम्हाला?" मुख्याध्यापिकेनं विचारलं. "मी मघापासून काचेतून बघतेय."

ही बाई कधी आवाज चढवायची नाही. त्यामुळेच सगळे तिला घाबरायचे. गणिताच्या बाईंनी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. बेरीज चुकली असं म्हणायचं त्यांनी रात्रभर घोकलं होतं, पण तोंड उघडलं आणि खरं तेच बाहेर पडलं. समास, चौकटी, जुलै, सगळं.

मुख्याध्यापिकेनं ऐकून घेतलं. मग घड्याळाकडे पाहिलं. "तेवीसही पेपर मला हवेत. दुसऱ्या शिक्षकानं तपासल्याशिवाय गुण बदलता येत नाहीत. मी बारा वर्षं गणित शिकवलंय, मीच तपासते. दोघींची सही, कारण लिहिलेला अर्ज, आणि हे सगळं चारच्या आत कारकुनाच्या टेबलावर. एखादा पेपर नसला तर त्या मुलाचा आकडा आहे तसा जाईल."

"हो," बाई म्हणाल्या.

"आणि तो अर्ज तुमच्या फाइलला लागेल. तुमच्या कराराचं आपण सोमवारी बोलू."

पहिल्या तासाला बाईंनी वर्गासमोर उभं राहून सांगितलं, की मी पेपर चुकीचे तपासले, ते परत द्या. एकोणीस वर्षांत त्यांनी असं वाक्य कधी उच्चारलं नव्हतं. मुलांनी मात्र काही विशेष केलं नाही. दप्तरं धुंडाळली, कुणी कपाटातून आणले, कुणी मधल्या सुट्टीत घरी पळत जाऊन आणले. एकाच्या पेपरवर ताकाचा डाग होता. बारा वाजेपर्यंत बावीस पेपर जमले.

तेविसावी शेवटच्या बाकावरची. ती बुधवारपासून आलीच नव्हती.

घरचा फोन कुणी उचलेना. हातातले तास संपवून दोनला बाईंनी पत्ता लिहून घेतला आणि बस पकडली. चौथा थांबा, तीन मजली चाळवजा इमारत, जिन्यात सायकली. दार उघडलं ते मुलीच्या वडिलांनी. ते बसचालक, नुकतेच पहाटेची पाळी संपवून आलेले, अंगात गणवेशाची पँट आणि पायांत नुसते मोजे.

"शाळेतून? या, या. तिला बरं नाही असं तिचं म्हणणं. मला तर ताप-बीप काही दिसत नाही. फोन मीच बंद करून ठेवलाय, झोपतो ना दिवसा."

आतल्या खोलीत उंचाडी पलंगाच्या कडेला बसली होती. बाईंना पाहून ती उठून उभी राहिली. तिच्यामागच्या भिंतीवर चिकटपट्टीचे चौकोनी डाग होते, वीस-पंचवीस तरी असतील. मधली भिंत जरा उजळ दिसत होती.

"लहानपणापासून पूल काढते कागदावर," वडील दारातून म्हणाले. "परवा सगळे उतरवले. मी म्हटलं अगं राहू दे, तर म्हणे बाबा, पसारा वाटतो."

बाईंनी भिंतीवरून नजर काढली. "तुझा पेपर हवाय मला," त्या म्हणाल्या. "जुलैचा. मी तो चुकीचा तपासला. तुला जास्त गुण आहेत. पुष्कळ जास्त."

मुलीनं खण उघडून पेपर काढला. आठ घड्या घातलेल्या होत्या. तिनं तो बाईंच्या हातात दिला, पण चेहऱ्यावर आनंद वगैरे काही आला नाही.

"मी अर्ज बदललाय, बाई," ती म्हणाली. "मंगळवारीच. कचेरीतल्या कामाचा एक वर्षाचा वर्ग असतो ना, तो लिहिला पहिल्या ठिकाणी."

"का?"

तिनं बाईंकडे असं पाहिलं, की हा काय प्रश्न झाला. "तुम्ही अडुसष्ट दिलेत ना. मला वाटायचं मला येतं. पण तुम्हाला जास्त कळतं."

बाईंनी तिथल्या खुर्चीची पाठ धरली. तिकडची मुलं असं म्हणाली नसती. तिकडच्या मुलांना जुलै म्हणजे काय ते ठाऊक होतं. करवत जुलैत कापते, मोठा भाऊ सांगायचा, शेजारची ताई सांगायची. निदान बाई तरी आजवर असं धरून चालल्या होत्या.

"चल," त्या म्हणाल्या. आवाज त्यांना स्वतःलाच ओळखू आला नाही. "चपला घाल. चारच्या आत पोचायचंय."

परतीची बस लवकर येईना. मुलीच्या वडिलांनी गणवेशाचा कोट चढवला, थांब्यावर येऊन उभे राहिले आणि रस्त्याकडे बघत मोजू लागले. "ही पाच नंबरची, ही नको, ही लांबून जाते. मागची घ्या. मी ओळखतो त्याला, तो पळवतो." मागची आली. ती त्यानं खरंच पळवली. तरी प्रत्येक थांब्यावर कुणीतरी चढत होतं, कुणी सुट्टे शोधत होतं, एका आजोबांना पायरी चढायला पूर्ण एक मिनिट लागलं, आणि बाईंना त्या आजोबांचा एवढा राग आला की नंतर त्यांची त्यांनाच लाज वाटली. मुलगी शेजारी बसली होती, हात मांडीवर, गुडघे पुढच्या बाकाला टेकलेले.

शाळेत शिरल्या तेव्हा साडेतीन झाले होते. मुख्याध्यापिकेपुढे बावीस पेपरांची थप्पी तयार होती, प्रत्येकावर हिरव्या पेनानं नवा आकडा. तिनं तेविसावा उलगडला. घड्या सरळ करायला त्यावर पट्टी ठेवली. बाई उभ्याच होत्या. मुलगी दाराबाहेर बाकावर.

"हे गोल कशाचे आहेत?"

"समास," बाई म्हणाल्या. "आखला नव्हता."

"कुणी सांगितलं होतं आखायला?"

"कुणीच नाही."

हिरवं पेन पुढे सरकत राहिलं. नवव्या प्रश्नाशी थांबलं. तिथे लाल रेघ आडवी गेलेली होती आणि चार गुण कापलेले. मुख्याध्यापिकेनं तो प्रश्न दोनदा वाचला, मग बोट ठेवलं. "ही रीत तुमच्या पुस्तकात नाही?"

"नाही."

"पुस्तकापेक्षा छोटी आहे."

"हो," बाई म्हणाल्या. "मला तपासतानाच कळलं होतं."

मुख्याध्यापिकेनं बेरीज केली, खाली शहाऐंशी लिहिलं, सही केली आणि अर्ज बाईंपुढे सरकवला. त्यात 'कारण' म्हणून एक रिकामी ओळ होती. बाईंनी क्षणभर पेन धरून ठेवलं. बेरीज, नवऱ्याचा आवाज म्हणाला. बाईंनी लिहिलं, 'मी जाणूनबुजून कमी गुण दिले. विद्यार्थ्यांचा दोष नाही.' सही करताना अक्षर वेडंवाकडं आलं.

कारकुनाच्या टेबलापाशी पावणेचार झाले. त्यानं नवे आकडे चढवले, मग मुलीचा प्रवेशाचा अर्ज काढून तिच्यापुढे ठेवला. "बदलायचं असेल तर इथे लिही आणि सही कर. दहा मिनिटं आहेत."

मुलीनं पेन उचललं आणि तशीच उभी राहिली.

"लिही ना," बाई म्हणाल्या.

"बाई, आता शहाऐंशी कोणी ठरवले?"

"तुझ्या पेपरनं."

"अडुसष्टही माझ्याच पेपरवर होते." ती उद्धटपणे म्हणत नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. "तिथे जाऊन परत अडुसष्ट पडले तर? तुम्ही घाबरलात म्हणून वाढवले नाहीत ना?"

घड्याळाचा काटा सरकला. बाईंना ओरडावंसं वाटलं, पेन हिसकावून स्वतःच लिहावंसं वाटलं. एरवी त्यांनी केलंही असतं. पण आता त्या मुलीला त्यांच्या आवाजाचीच भीती बसली होती, आणि तोच आवाज वापरून ती काढायची कशी? बाई तिच्या शेजारी वाकल्या.

"घाबरलेय मी," त्या हळूच म्हणाल्या. "कालपासून घाबरलेय. पण ऐक. तुझा नववा प्रश्न आला तेव्हा माझा चहा गार होईपर्यंत मी तो बघत बसले होते. एकोणीस वर्षांत तशी रीत मला कधी सुचली नाही. आणि मग मी तुझे चार गुण कापले. तू शेफारशील म्हणून कापले. ते तुझ्या गणिताचे गुण नव्हतेच. माझ्या स्वभावाचे होते."

मुलगी त्यांच्याकडे बघत राहिली. कारकुनानं खाकरून घड्याळाकडे बोट दाखवलं. मग तिनं खोडलं, वर लिहिलं, आणि सही केली. चारला चार कमी होते. कारकुनानं शिक्का मारला, तो आपल्याच कपाळावर बसावा तसे बाईंनी डोळे मिटून घेतले.

मुलगी गेली. जाताना हसली नाही, "येते बाई" एवढंच म्हणाली. मुख्याध्यापिका कॉरिडॉरमधून जाताना "सोमवारी नऊला" म्हणाली आणि पुढे गेली. बाई बाकावर बसल्या. आता सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण कालपासून तळाशी जे हलत होतं ते आता सावकाश वर येत होतं, आणि त्याला अडवायला मध्ये दुसरी कुठली भीती उरली नव्हती.

त्यांनी घरी फोन लावला.

"काय झालं? सांगितलंस की काय?" नवऱ्यानं पहिल्यांदा हेच विचारलं.

"अहो, आपल्या मागच्या गल्लीत त्या शिंप्याची मुलगी होती ना. माझ्याकडेच शिकायची. बघा, दोन वेण्या घालायची. ती काय करते हो आता?"

"ती? बापाच्या दुकानात बसते, काजं-बटणं करते. का गं मध्येच?"

"हुशार होती ती."

"तूच म्हणालीस तेव्हा, एकदम शाळा सोडली, पोरगी कच्ची निघाली म्हणून. दहावीचं वर्ष होतं तिचं."

"केव्हा सोडली होती?"

"आता मला काय ठाऊक! शाळा सुरू झाली आणि लगेचच. पावसाळ्यातच कधीतरी. जुलै असेल." पलीकडे जरा थांबून तो म्हणाला, "अगं, कराराचं काय झालं ते सांग ना."

त्या मुलीचा पेपर बाईंनी तपासला होता एवढं नक्की. किती गुण दिले होते ते आठवायचा त्यांनी जिवाच्या आकांतानं प्रयत्न केला, आणि त्यांना काही केल्या आठवेना.